'शॉर्टसर्किट' छापायच्या आधी जॉइंट बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायची सवय नाही, वायर सोलायची आहे, त्यामुळं शुद्धलेखन तुम्हीच सांभाळून घ्या. मिरजेत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. सकाळी शटर वर केलं की आधी बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, मग चहा आणि चहाबरोबर पेपर. तर दर उन्हाळ्यात तुमच्या पेपरात (तुमच्याच नाही, सगळ्यांच्याच) ती ठरलेली चार ओळींची बातमी येते, चालत्या गाडीनं पेट घेतला, सुदैवानं जीवितहानी नाही, शॉर्टसर्किटमुळं आग लागल्याचा प्राथमिक अंदाज. बास. पुढचा अंदाज काही छापून येत नाही, प्राथमिक अंदाजावरच गाडी भंगारात जाते आणि आपण पान उलटून राशिभविष्य बघतो.

माझं भांडण त्या 'शॉर्टसर्किट' शब्दाशी आहे. शॉर्ट म्हणजे प्लसची वायर सोलवटून बॉडीला टेकली. गाडीची सगळी बॉडी मायनस असते, त्यामुळं टेकली की करंट असा धावतो की बोलायची सोय नाही, पण मधे नेमका फ्यूज असला तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत उडतो आणि विषय संपतो, वायरला तापायला वेळच मिळत नाही. कंपनीनं फ्यूज त्याच्यासाठीच दिलेला असतो. मग फ्यूज असून आग लागली म्हणजे काय समजायचं? एकतर त्या वायरीला फ्यूजच नव्हता, बॅटरीवरून थेट ओढलेली होती. नाहीतर फ्यूज होता पण सारखा उडतोय म्हणून कुणीतरी मोठा टाकला, किंवा सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली (हसू नका, मी हातानं काढलीय). आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त दिसते, शॉर्ट झालेलंच नव्हतं, जॉइंट ढिला होता.

ढिल्या जॉइंटचं गणित शाळेतलंच आहे, पोरांना विचारा. दहा ॲम्पिअर करंट चाललाय आणि जॉइंट नीट नसल्यामुळं तिथं एक दशांश ओहम रेझिस्टन्स आलाय, तर दहा गुणिले दहा गुणिले शून्य पॉइंट एक, म्हणजे दहा वॅट उष्णता त्या एका ठिपक्यावर. माझ्या टेबलावरची सोल्डरिंगची कावी २५ वॅटची आहे आणि ती शिसं वितळवते. तर त्याच्या जवळपास निम्मी कावी तुमच्या डॅशबोर्डच्या आत, काळ्या टेपमधे गुंडाळून, कार्पेटला टेकून रोज चालू आहे असं समजा. आणि फ्यूज १५ चा. करंट तर दहाच चाललाय, मग तो कशाला उडंल? त्याच्या लेखी सगळं व्यवस्थित आहे. टेप वितळते, शेजारच्या वायरींचं प्लास्टिक मऊ होतं, आणि मग कुठं दोन वायरी एकमेकींना भेटून तुमचं ते शॉर्टसर्किट होतं. म्हणजे शॉर्ट हा शेवटचा अंक असतो, नाटक सहा महिने आधीच सुरू झालेलं असतं.

हे जॉइंट कोण करतं? आम्हीच की ओ. मी दुसऱ्यावर ढकलणार नाही.

दुकान काढून दोनेक वर्षं झाली असतील, मेव्हण्यानं जुनी जीप घेतली. दिवे लय मंद, म्हणून मला म्हणाला जरा झगझगीत करा. त्या वेळी १००/९० चे (अप्परला १०० वॅट, डिप्परला ९०) बल्ब मोठ्या कौतुकानं मिळायचे. कंपनीचा बल्ब ६०/५५ चा, म्हणजे अप्परला दोन्ही दिव्यांचे मिळून १२० वॅट, बारा व्होल्टला दहा ॲम्पिअर. मी बसवले शंभरचे दोन, दोनशे वॅट, म्हणजे सोळा-सतरा ॲम्पिअर, आणि वायर तीच, होल्डर तोच, स्टिअरिंगखालचा स्विच तोच. पंधराचा फ्यूज दोन दिवसांत उडला. मी काय केलं, पंचवीसचा टाकला. तेव्हा मला वाटायचं फ्यूज उडतोय म्हणजे फ्यूजच कमी पडतोय. फ्यूज वायरीसाठी असतो, वायर जेवढं सोसंल तेवढाच त्याचा नंबर असतो, हे मला त्या वयात कुणी सांगितलं नव्हतं आणि मी पण विचारलं नव्हतं. पंचवीसचा टाकला म्हणजे आता वायरच फ्यूज झाली.

श्रावणात तो बायकापोरं घेऊन गणपतीपुळ्याला निघाला, आंबा घाटात धुकं, संध्याकाळचे सात वाजलेले आणि दोन्ही दिवे एकदम गेले. पार्किंगच्या मिणमिणत्या उजेडात एका ट्रकच्या मागं मागं साखरप्याला कसाबसा उतरला. परत आल्यावर मी उघडून बघितलं तर होल्डर वितळून बल्बच्या पायाला चिकटलेला, तिथनं मागं वीतभर वायर करपलेल्या शेवयांसारखी झालेली, हात लावला की कडाकडा मोडतीय. फ्यूज? ठणठणीत! पंचवीसचा होता ना. माझी बहीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही आणि मेव्हणा अजून कार्यात चार माणसांत ती गोष्ट रंगवून सांगतो, दर वर्षी धुकं वाढतं.

गंमत म्हणजे त्याला मोठा बल्ब लागतच नव्हता. नंतर मीटर लावून बघितलं तर बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर जेमतेम बारा. दीड व्होल्ट त्या लांबलचक बारीक वायरीत आणि जुन्या स्विचमधे खाल्ला जात होता. हॅलोजनचं असं असतं की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड जवळपास तीस टक्के पडतो. मग बॅटरीवरून जाड वायर, तिला बॅटरीजवळच फ्यूज, मधे रिले (बारीक करंटवर चालणारा आणि मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि जुन्या वायरीला फक्त रिले चालू-बंद करायचं काम. रिलेची कॉइल पाव ॲम्पिअर पण खात नाही, त्यामुळं स्विच पण थंड, वायर पण थंड. कंपनीचेच ६०/५५ चे बल्ब परत बसवले आणि उजेड आधीच्या दीडपट वाटायला लागला. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५-८६ कॉइलची. धंद्यात एवढं पाठ असलेला माणूस भेटला तर त्याच्याकडं निर्धास्त गाडी द्या. आणि ज्याच्या खिशात स्ट्रिपर नाही आणि जो वायर दातानं सोलतो त्याच्याकडं देऊ नका, मग तो किती का स्वस्त असंना.

आता गिऱ्हाईकाची बाजू पण सांगतो, ती पण काय साधी नाही. माणूस दहा लाखाची गाडी घेतो, सीटकव्हरला पंधरा हजार घालतो, आणि फॉग लाईटला रिले घालूया म्हटलं की, "आण्णा रिले बिले नको, सरळ जोडा की, पलीकडं तीनशेत करून देतोय." रिले शे-दीडशेचा. सगळं किट घेतलं तरी हजाराच्या आत भागतं. पण आत गेलेली वायर दिसत नाही ना, दिसती ती लाईट. न दिसणाऱ्या कामाचे पैसे द्यायला आपल्याकडं जीवावर येतं, गवंड्याला पायाचे पैसे देताना पण तसंच होतं.

आणि शोरूममधनंच लावून घेतलंय म्हणजे चांगलंच लावलंय असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी ते काम बाहेरची पोरं येऊन करतात, डिलिव्हरी संध्याकाळी, पूजेचा नारळ आणून ठेवलेला, पेढे वाटायला घेतलेत आणि आत पोरगं डॅशबोर्डखाली उताणं पडून घाईत वायर शोधतंय. त्याला प्लस लागतो. जी वायर टेस्ट लॅम्पला (सुई टोचली आणि आत करंट असला की पेटणारा बारका बल्ब) पेटली ती त्याची. ती वायर कशाची, तिची जाडी किती, तिच्या फ्यूजवर आधीच काय काय चालतंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तासगावकडचे एक बेदाण्याचे व्यापारी गेल्या साली आले, गाडी नवीच, अँड्रॉइड स्टिरिओ आणि रिव्हर्स कॅमेरा बाहेर कुठंतरी बसवलेला (दुकानाचं नाव त्यांनी सांगितलं, मी लिहिणार नाही, तोंड रोज दिसतं). तक्रार काय तर मीटरवर एअरबॅगचा दिवा पेटून राहिलाय. खाली वाकून बघितलं तर पिवळ्या कपलरजवळच्या (कपलर म्हणजे वायरी एकमेकींत अडकवायचा प्लास्टिकचा जोड) वायरीला भोक पाडलेलं, टेस्ट लॅम्पच्या सुईचं. एअरबॅगचे कपलर पिवळे असतात ते उगाच रंग चांगला दिसतो म्हणून नसतात, इथं हात लावू नको असं सांगायला असतात. एअरबॅग फुटायला बारीकसा करंट पुरतो, आणि टेस्ट लॅम्पमधे बल्ब असतो, तो स्वतः करंट ओढतो. त्या पोराचं नशीब थोर म्हणून तोंडावर फुटली नाही. मी ते काम हातात घेतलं नाही, सरळ कंपनीच्या वर्कशॉपला पाठवलं, त्या व्यापाऱ्यांना राग आला, म्हणाले एवढं पण जमत नाही होय. नाही जमत. २०१९ च्या जुलैपासून नव्या गाडीला ड्रायव्हर बाजूची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे आता स्वस्तातल्या स्वस्त गाडीत पण ती पिवळी वायर आहे, आणि डॅशबोर्डखाली सुई घेऊन शिरणाऱ्याला एवढं तरी माहीत पाहिजे.

नव्या गाड्यांचं तर गणितच बदललंय. पूर्वी स्विचपासून दिव्यापर्यंत एक वायर जायची, आता स्विच दाबला की तो कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर दिवा लावतो, आणि तो दिवा किती करंट खातोय हे पण बघत बसतो. तुम्ही मधे दुसरी लाईट जोडली की त्याला वाटतं काहीतरी बिघडलं, मग तो लाईन बंद करतो नाहीतर मीटरवर एरर टाकतो. आणि एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन बारीक वायरी दिसल्या तर त्यांना बोटसुद्धा लावायचं नाही, ती गाडीच्या सगळ्या कॉम्प्युटरांची आपापसातली बोलायची लाईन असते. त्या दोघींमधे बॅटरी काढून मीटर लावला तर ६० ओहम दाखवतो, दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात म्हणून. एका पोरानं त्यातनं डॅशकॅमला (रस्त्याचं शूटिंग करणारा गाडीतला कॅमेरा) करंट घेतला होता. गाडी चालू होईना, स्टिअरिंग जड, मीटरवर दिवाळी. दोन दिवस आम्ही दोघं तिघं शोधत होतो आणि सापडलं काय तर एक निळा प्लास्टिकचा चिमटा.

तो निळा चिमटा म्हणजे आमच्या धंद्यातली गोड गोळी आहे. वायर सोलायला नको, कापायला नको, दोन वायरी घालायच्या, पकडीनं दाबायचं, झालं. आत एक पत्र्याचं पातं असतं, ते वायरीचं प्लास्टिक चिरून तांब्याला टेकतं. चिरताना तांब्याच्या चार तारा पण चिरतं, आणि वायरीची जाडी त्या चिमट्याच्या मापाची नसली तर एकतर टेकतच नाही नाहीतर अर्धी वायर कापली जाते. घरातल्या भिंतीत तो चिमटा एक वेळ टिकंल पण गाडी हलती, तापती, भिजती. वर्षभरात पातं ढिलं झालं की झाला आपला एक दशांश ओहम.

भिजायचं निघालं म्हणून सांगतो, २०१९ च्या पुरानंतर आम्ही दिवाळीपर्यंत दुसरं काम केलं नाही. सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर, सांगलीतल्या किती गाड्या टपापर्यंत बुडाल्या त्याचा हिशोब नाही. तेव्हा मला एक गोष्ट कळली जी आधी एवढी स्वच्छ दिसली नव्हती. ज्या गाड्यांची वायरिंग कंपनीची होती, कपलरला रबरी सील होते, त्या बऱ्याच धुऊन वाळवून सुरू झाल्या. आणि जिथं जिथं कुणी जॉइंट मारला होता, टेप गुंडाळली होती, सुई टोचली होती, तिथनं पाणी वायरीच्या आत शिरलं. समईच्या वातीत तेल कसं वर चढतं तसं पाणी तांब्याच्या बारीक तारांमधनं चढत जातं. वरनं वायर नवी कोरी दिसती, चांगली वीतभर लांब जाऊन सोलली तरी आत तांबं हिरवं नाहीतर काळं. असली तुटलेली लाईन सहा महिन्यांनी उगवते, माणसाला पूर आठवत पण नसतो. सांगलीत, मिरजेत जुनी गाडी घेताना लोक सीटखालचा गाळ बघतात, दरवाजाचा रबर बघतात, ते बघाच, पण स्टिरिओच्या मागं हात घालून टेप लागती का ते पण बघा.

जॉइंट करायचाच नाही का? करायचा की. थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची बारकी नळी) घालून नीट दाबायचा, वरनं गोंदाची स्लीव्ह घालून गरम हवेनं आवळायची, पाणी आत जात नाही. नुसती काळी टेप मारली तर आपल्याकडच्या एप्रिल-मे मधे बंद गाडीत तिचा गोंद सुटून चिकट राड होते. सोल्डर चांगलं असं पुष्कळ जण म्हणतात, मी पण म्हणायचो, पण सोल्डर वायरीत चढून तेवढी जागा कडक होते आणि जिथं कडक संपतं आणि मऊ सुरू होतं तिथं हादऱ्यानं मोडते, म्हणून सोल्डर केलं तर शेजारची वायर बांधून ठेवावी लागते, लोंबकळत सोडायची नाही. आणि शक्यतो कंपनीची वायर कापायचीच कशाला, आता बहुतेक गाड्यांच्या स्टिरिओचा तयार कपलर मिळतो, दोन-तीनशे रुपयाला, एका बाजूला कंपनीचा कपलर बसतो दुसऱ्या बाजूला नवीन स्टिरिओचा, गाडी विकताना काढून परत जुना बसवता येतो. डॅशकॅमला फ्यूज बॉक्समधे बसणारा दोन फ्यूजचा टॅप मिळतो, एक फ्यूज जुन्या लाईनचा, एक तुमच्या नवीन वायरीचा. आमच्या मिरजेत सतारीची तार लावणारे कारागीर एका तारेवर अर्धा दिवस घालवतात, आम्हाला पंधरा मिनिटं जास्त द्यायला काय हरकत आहे.

डॅशकॅमवरनं आठवलं. एक काका पंढरीला गेले, आठवडाभर गाडी दारात, आल्यावर स्टार्टर नुसता टक टक. बॅटरी बदलली, पुढच्या महिन्यात परत तेच. बॅटरीवाल्याशी भांडण. बघितलं तर डॅशकॅम कायमच्या लाईनवर जोडलेला, गाडी बंद असली तरी पाव ॲम्पिअर खातोय. पाव म्हणजे काय मोठं, तर दिवसाला सहा ॲम्पिअर-तास, आणि लहान गाडीची बॅटरी ३५ ची. चार दिवसांत दोन तृतीयांश बॅटरी कॅमेऱ्यानं खाल्ली, कशाचं तर बंद दाराचं शूटिंग करण्यात.

एलईडी इंडिकेटर बसवणाऱ्यांचं पण एक आहे. एलईडी करंट कमी खाते, गाडीला वाटतं बल्ब गेला, इंडिकेटर टकटकटक जोरात मारायला लागतो. त्याच्यावर इलाज म्हणून रेझिस्टर जोडतात, सहा ओहमचा, म्हणजे एलईडीनं वाचवलेली वीज मुद्दाम जाळायची सोय. इंडिकेटर पेटलेला असताना तो रेझिस्टर चोवीस वॅट खातो आणि सगळ्याची उष्णता करतो. आणि तो बांधतात कुठं तर वायरींच्याच गठ्ठ्याला, प्लास्टिकच्या पट्टीनं.

दुचाकीवाली पोरं वेगळीच. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांचा हेडलाईट कायम चालू असतो, दिवसा पण, तर ती पोरं येतात मधे स्विच टाकून द्या म्हणून. मी देत नाही. पुढच्या चौकात कुणीतरी देतंच.

आता ऊस सुरू झाला की रस्त्याला ट्रॅक्टर लागतील. त्याच्याबद्दल लिहिलं नाही तर सांगली जिल्ह्यातनं पत्र आलंय असं कोण म्हणणार नाही. ड्रायव्हर पोरांना रात्र रात्र चालवायचं असतं, झोप येऊ नये म्हणून गाणी लागतात हे मला मान्य आहे, त्यांच्या हालात मी काय बोलणार. पण ट्रॅक्टरचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करतो तो) असतो तीस-चाळीस ॲम्पिअरच्या आसपासचा, आणि वर बसवलेल्या ॲम्प्लिफायरला तीस-तीसचे दोन फ्यूज. (खोक्यावर पाच हजार वॅट लिहिलेलं असतं त्याच्याकडं बघू नका, मागचे फ्यूज बघा, साठ ॲम्पिअर गुणिले बारा, सातशेवीस वॅटच्या वर तो आणणार कुठनं.) वायर म्हणून जी घातलेली असते ती जाडजूड, पारदर्शक, तांब्यासारखी चमकणारी, पण ब्लेडनं एक तार खरवडली की आत पांढरं ॲल्युमिनियम. नुसता वरनं तांब्याचा मुलामा. ती तांब्यापेक्षा कितीतरी लवकर तापते. आणि हे सगळं बॅटरीवरनं थेट, बॅटरीजवळ फ्यूज नाही, वायर पत्र्याच्या भोकातनं नेलेली, भोकाला रबर नाही, पत्र्याची धार रोज थोडी थोडी वायर कापतीय. पुढं निळे-हिरवे दिवे, गाणं दोन मैलावर ऐकू येतंय, आणि मागच्या ट्रॉलीला साधा लाल दिवा नाही. कारण ट्रॉलीच्या दिव्याची वायर तोडून तिच्यावरच कशाला तरी लाईन घेतलेली असते. रात्री मागनं मोटरसायकलवरचा माणूस येतो त्याला ट्रॉली दिसतच नाही. ही बातमी पण तुमच्याकडं दर हंगामात असते, फक्त ती अपघाताच्या पानावर असते आणि त्यात वायरीचा उल्लेख नसतो.

कायदा म्हणाल तर आहे. मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, नोंदणीतली कंपनीची मूळ माहिती बदलंल असा फेरफार करायचा नाही, सुप्रीम कोर्टानं पण २०१९ च्या जानेवारीत तेच सांगितलं, आणि त्याच वर्षी १८२अ कलम आलं, बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण रस्त्यावर पकडलं जातं ते दिसणारं. हॉर्न कर्कश आहे का, लाईट डोळ्यात जातीय का, काचेवर काळी फिल्म आहे का. डॅशबोर्डच्या आतला जॉइंट कोण बघणार, आणि मला नाही वाटत कुठल्या पोलिसानं उताणं पडून बघावं.

म्हणून माझी मागणी कायद्याची नाहीच, बिलाची आहे. आज ॲक्सेसरी बसवली की बिल मिळतं ते असं, 'फॉग लाईट १ सेट, फिटिंगसह'. बास. उद्या गाडीत काही झालं की माझ्यासारखा माणूस दोन दिवस जॉइंट शोधत बसतो आणि त्या दोन दिवसांचे पैसे गिऱ्हाईक देतं. त्याऐवजी दुकानदारानं दोन ओळी जास्त लिहाव्यात, लाईन कुठनं घेतली, फ्यूज कितीचा आणि कुठं बसवला, कंपनीची कुठली वायर कापली किंवा कापली नाही. मी गेली चार वर्षं करतोय, एक छोटी चिठ्ठी लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतनं चिकटवतो. 'फॉग २, लाईन बॅटरीवरून, फ्यूज १५ बॅटरीपासून वीतभर अंतरावर, रिले डाव्या हेडलाईटमागं, सिग्नल पार्किंगवरून, कंपनीची वायर कापलेली नाही', खाली तारीख आणि दुकानाचा शिक्का. पहिल्या पहिल्यांदा मलाच कसंतरी वाटायचं, आपण आपल्याविरुद्ध पुरावा लिहून देतोय असं. पण एक झालं, चिठ्ठी लिहायची म्हटल्यावर उलटसुलट काम हातनं होत नाही, 'निळा चिमटा मारला' असं शिक्क्यासकट लिहायला कुणाचा हात उठणार.

गिऱ्हाईकांनी पण एक करावं, घरी जाऊन विम्याची पॉलिसी काढावी. पहिल्याच पानावर गाडीची किंमत लिहिलेली असते त्या ओळीत 'इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज' असा वेगळा रकाना असतो. बहुतेकांच्या रकान्यात शून्य असतं. चाळीस हजाराची सिस्टीम बसवलीय आणि रकान्यात शून्य, म्हणजे गाडी जळाली तर त्या चाळीस हजारावर पाणी सोडायचंच, आणि वर आगीचं कारण तीच वायर निघाली तर उरलेल्या क्लेमला पण हेलपाटे. ते बिल, त्या दोन ओळी, तिथं पण कामाला येतात.

आणि तुमच्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी गाडी जळाल्याची बातमी आली तर 'शॉर्टसर्किट' लिहायच्या आधी मालकाला एवढंच विचारा, गाडीत बाहेरनं काय काय बसवलं होतं आणि कधी. उत्तर मिळालं तर तेवढी एक ओळ छापा. कंपनीचाच दोष असंल तर तो पण त्यानंच उघडा पडंल, आम्हा लोकांचा असंल तर आमचा.

माझं नाव छापू नका, गल्लीत चार ॲक्सेसरीवाले आहेत, रोज त्यांच्याकडनंच रिले उधार आणतो. पण त्या जीपचा वितळलेला होल्डर मी टाकलेला नाही, बल्बसकट काउंटरवर काचेच्या बरणीत ठेवलाय, नवीन पोरगं कामाला लागलं की आधी तो हातात देतो आणि फ्यूज कितीचा होता ते ओळखायला सांगतो. अजून एकानं पण बरोबर ओळखलेला नाही. आपल्यापैकी कुणाला फोटो हवा असंल तर पाठवतो, नाहीतर समक्ष या, दुपारी एक ते तीन तेवढं बंद असतं.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, मिरज (जि. सांगली)